ऑगस्टमधील तालमी आणि ७५ टक्क्यांची हजेरी

रंगपट:
पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या तालमींमुळे ऑगस्टमध्ये वर्ग ओस पडतात, सबब महाविद्यालयांनी एकांकिकेचे संघ पाठवणे काही वर्षे थांबवावे, असे येथील एका प्राध्यापकांनी परवा लिहिले. १९६३ पासून ही स्पर्धा चालू आहे आणि तीत उतरलेली मुले पदव्याही घेत आली आहेत. बदलले आहे ते वेळापत्रक. वार्षिक परीक्षा होती तेव्हा नाटक आटोपल्यावर अभ्यासाला निम्मे वर्ष उरत असे. सत्रपद्धतीत मात्र प्राथमिक फेरी, अंतर्गत चाचणी आणि प्रात्यक्षिकांच्या वह्या एकाच सुमारास अंगावर येतात. त्याचा दोष तालमीला का?

काटकोन:
ते लिहिणारा मीच. तालीम संध्याकाळी असते हे सांगण्यापुरतेच. मध्यरात्रीपर्यंत नेपथ्य ठोकणारा मुलगा सकाळच्या तासाला येतो तो झोपायला. माझ्या पाहण्यात विषय राहतात ते बहुधा पडद्यामागच्यांचे, ज्यांचे नाव टाळ्यांच्या वेळी कोणी घेत नाही. आणि २०२२ मध्ये तर परीक्षकांनी एकही एकांकिका करंडकाच्या योग्यतेची न मानता तो कोणालाच दिला नाही. मग तास बुडवून साधले काय?

रंगपट:
लायकी नसेल तर करंडक नाही, असे तोंडावर सांगणारी एक तरी जागा विद्यार्थ्याला मिळते, हे साधले. यंदा सुवर्णपदकाच्या योग्यतेचा कोणीच नव्हता, असे आपल्या विभागाने एकदा तरी म्हणून दाखवावे.

मागचा बाक:
मूळ दुखणे ७५ टक्के हजेरीच्या अटीचे आहे. आमच्या महाविद्यालयात सामन्याला गेलेल्या खेळाडूची हजेरी आपोआप लागे आणि आम्ही अर्ज घेऊन विभागप्रमुखांच्या दाराशी ताटकळत असू. बक्षिसासह आमचे छायाचित्र प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत झळकले, आणि त्याच सत्रात तेच चेहरे हजेरी कमी भरलेल्यांच्या डिफॉल्टर यादीतही झळकले.

काटकोन:
म्हणजे खेळाडूची चुकीची सवलत काढून घेण्याऐवजी ती तुम्हालाही हवी. नव्या शैक्षणिक धोरणाने सहअभ्यासक्रमाला श्रेयांक (क्रेडिट) दिले आहेत, तेच घ्या.

शेवटची एसटी:
श्रेयांक नकोत. राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तास काम अपेक्षित असते. आमच्याकडे त्याच्या नोंदी एका बैठकीत भरल्या जात. गुण चिकटले की नाटकाचेही तेच होईल. आणि आपण सारे शहरात राहणाऱ्यांविषयीच बोलत आहात. संध्याकाळी गावाची शेवटची गाडी पकडणाऱ्या माझ्यासारखीला तालीमही मिळाली नाही आणि ग्रंथालयही. समतोल साधण्याची चैन आधी परवडावी लागते.

मागचा बाक:
ताई, तुमचे खरे आहे, पण हजेरीचा प्रश्न राहिलाच.

काटकोन:
तो राहणारच, कारण नियम मी केलेला नाही. चाचणी प्राथमिक फेरीनंतर घ्यावी, असे विभागाच्या बैठकीत सुचवीन. रंगदेवतेवर एवढे उपकार पुरे. मात्र संघाने तालीम रात्री दहाला थांबवण्याची लेखी हमी द्यावी.

रंगपट:
साडेअकरा.