मदत हवी आहे: शेवटचा साखळी सामना उरलाय, आमचा संघ उपांत्य फेरीत कसा जाईल?

टर्फच्या_कडेला

नमस्कार मंडळी. हॉकीच्या साखळीचं गणित नीट येणाऱ्यांची मदत हवी आहे. कोल्हापुरात गल्लीतलं पोरगंसुद्धा फुटबॉलच्या गुणतक्त्यावर तासभर बोलेल, पण हॉकीत गुण सारखे झाले की पुढं काय, यावर दहा जणांची दहा मतं.

स्पर्धा स्थानिक. सहा संघ, प्रत्येकाचे पाच सामने, विजयाला 3 गुण, बरोबरीला 1. साखळीत शूट-आउट नाही. पहिले चार उपांत्य फेरीत. चार-चार सामन्यांनंतरचा तक्ता असा (संघांची नावं मुद्दाम टाळतोय):

अ – 10 गुण, 3 विजय, गोल 10–3
ब – 9 गुण, 3 विजय, गोल 9–4
क – 5 गुण, 1 विजय, गोल 7–6
ड (आम्ही) – 5 गुण, 1 विजय, गोल 7–7
ई – 4 गुण, 1 विजय, गोल 4–8
फ – 0 गुण, गोल 2–11

उरलेले तिन्ही सामने एकाच दिवशी, एकाच टर्फवर. सकाळी अ–फ, दुपारी साडेतीनला आमचा ब शी, पाचला क–ई. क बरोबर आमची 2–2 बरोबरी झालीय, ई बरोबर 1–1.

ब कडं तगडा ड्रॅग फ्लिकर (कॉर्नरवर बॉल स्टिकनं ओढून उचलून मारणारा) आहे. त्यांच्या 9 पैकी 5 गोल पेनल्टी कॉर्नरवरचे (गोलजवळच्या फाऊलबद्दल बॅकलाइनवरून बॉल आत ढकलून मिळणारी संधी). तरीही चौघांतली एक जागा आमचीच, असं मला मनापासून वाटतं. अ सोडला तर आम्हाला कुणी हरवलेलं नाही आणि आमच्यासारखी मधली फळी या सहांत दुसऱ्या कुणाकडं नाही.

विचारायचं ते असं: नेमका कुठला निकाल पुरेल? क किंवा ई शी गुण सारखे झाले तर काय बघतात? आणि शेवटच्या तीन-चार मिनिटांत एका गोलनं मागं असलो तर गोलकीपर काढून जादा मैदानी खेळाडू उतरवावा का?

गोलफरक

आधी मोठी गोष्ट. ब शी बरोबरी केली तरी तुम्ही आत, मग दुसरीकडं काहीही होऊ दे. कारण क आणि ई एकमेकांशीच खेळणार. तुमचे 6 झाले की त्या दोघांना एकाच वेळी तुमच्या वर जाता येत नाही. क जिंकला तर ई 4 वर अडकतो, ई जिंकला तर क 5 वर, बरोबरी झाली तर ई 5 वर. एक जण खाली राहतोच.

हरलात तर 5 वर थांबाल. मग बघा:

क जिंकला तर कितीही गोलांनी हरलात तरी चौथे तुम्हीच.

क–ई बरोबरी झाली तर ई चेही 5 होतात. विजय दोघांचा एकेक, म्हणून गोलफरक बघायचा. ई चा उणे 4, तुमचा आत्ता शून्य. 3 गोलांनी हरलात तरी आत. 4 नी हरलात तर केलेले गोल मोजतील, त्यात आज तुम्ही 7–4 असे पुढं आहात. 5 नी हरलात तर बाहेर.

ई जिंकला, ही खरी अडचण. ई 7 वर जातो आणि 5 वर तुम्ही आणि क राहता. क चा गोलफरक अधिक 1, म्हणजे ते तुमच्यापेक्षा एका गोलनं पुढं. तुम्ही 1 नं हरलात तर क ला 3 नी हरावं लागेल. क 2 नी हरला तर दोघांचाही फरक उणे 1 होतो आणि केलेल्या गोलांवर येतं. तिथं आज 7–7. तुम्ही 1–2 हरला आणि क 0–2 हरला तर तुमचे 8, त्यांचे 7, तुम्ही आत. तुम्ही 0–1 हरलात तर तिथंही सारखेच. म्हणून मागं पडलात तरी एक गोल टाकून ठेवाच.

बावड्याचा_हाफबॅक

वरच्या हिशोबात क्रम एफआयएचचा (आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाचा) धरलाय तो बरोबर आहे: गुण, मग जिंकलेले सामने, मग गोलफरक, मग केलेले गोल, आणि त्यानंतर आपसातला निकाल. आपसातला सामना आधी बघायची सवय काही फुटबॉल लीगमुळं लागते. तुमच्या बाबतीत क आणि ई दोघांशीही बरोबरी, त्यामुळं तो निकष तसाही कामाचा नाही. पण स्थानिक आयोजक क्रम बदलू शकतात. तोंडी विचारू नका, नियमांचा छापील कागद मागून घ्या, आणि त्याच्याही पुढं सारखेच राहिले तर काय (शूट-आउट की चिठ्ठी) तेही विचारा.

गोलफरकाला हलकं धरू नका. 2023 च्या वर्ल्ड कपात भारत आणि इंग्लंड दोघांचे 7 गुण होते. आपसातला सामना 0–0. इंग्लंडनं वेल्सला 5–0 आणि स्पेनला 4–0 हरवलेलं, आपण स्पेनला 2–0 आणि वेल्सला 4–2. अधिक 9 विरुद्ध अधिक 4. इंग्लंड थेट उपांत्यपूर्व फेरीत गेलं, आपल्याला न्यूझीलंडशी क्रॉसओव्हर (त्या फेरीत जाण्यासाठीचा जादा सामना) खेळावा लागला. तिथं 3–1 नं पुढं असून 3–3 झालं आणि शूट-आउटमध्ये हरलो. वेल्सविरुद्धचे ते दोन गोल अजून टोचतात.

आशा सोडू नका, हेही सांगतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये आपल्या मुली पहिले तिन्ही सामने हरल्या होत्या. मग आयर्लंडला 1–0, दक्षिण आफ्रिकेला 4–3, आणि त्याच संध्याकाळी ब्रिटननं आयर्लंडला 2–0 हरवल्यावर जागा मिळाली. पुढच्याच सामन्यात ऑस्ट्रेलियाला 1–0 घरी पाठवलं.

टर्फच्या_कडेला

दोघांचेही आभार. बरोबरी पुरते, हे आमच्यातल्या कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. आता गोलकीपरचं सांगा. आमचा सामना आधी असल्यामुळं क–ई चा निकाल आम्हाला कळणारच नाही.

गोलफरक

त्यामुळंच उत्तर सोपं होतं.

एका गोलनं मागं असाल तर काढा. आणखी एक खाऊन 2 नी हरलात तर नुकसान किती? क जिंकला किंवा बरोबरी झाली तर काहीच नाही. ई 1 नं जिंकला तर तुम्ही तसेही बाहेर. फरक पडतो तो ई 2 किंवा 3 नी जिंकला तरच, आणि या तक्त्यात ते फारसं संभवत नाही. उलट बरोबरीचा गोल झाला तर सगळंच सुटतं. दोन गोलांनी मागं असलात तरी हाच हिशोब.

तीन गोलांनी मागं असाल तर मात्र हात लावू नका. चौथा खाल्लात की क–ई बरोबरीची हक्काची वाटही धोक्यात येते.

बावड्याचा_हाफबॅक

त्यात नियमाची एक मेख आहे, ती आधी पोरांना सांगा. 2019 पासून गोलकीपरचे अधिकार असलेला मैदानी खेळाडू हा प्रकार बंद आहे. एक तर पूर्ण पॅड घातलेला गोलकीपर, नाही तर अकराही मैदानी खेळाडू. आणि पेनल्टी कॉर्नर दिला गेला की तो संपेपर्यंत बदली करता येत नाही. सूट फक्त बचाव करणाऱ्या गोलकीपरला दुखापत झाली किंवा त्याला कार्ड मिळालं तर. म्हणजे तुमचा गोलकीपर बेंचवर असताना ब ला कॉर्नर मिळाला तर तो परत आणता येणार नाही. पाच मैदानी खेळाडूंनीच मास्क घालून उभं राहायचं. ते पाच कोण, हे सामन्याआधीच ठरवा.

काढायची वेळ: चौथ्या क्वार्टरमध्ये तीनेक मिनिटं असताना, आणि बॉल तुमच्याकडं, तोही त्यांच्या बॅकलाइनपासून 23 मीटरच्या आत असताना. बॉल त्यांच्याकडं असताना काढलात तर एका लांब एरियलवर (उंच उचललेल्या बॉलवर) गोल बसतो. शेवटच्या सेकंदाला कॉर्नर मिळाला तर घाबरू नका, वेळ संपली तरी तो पूर्ण खेळवतात.

पहिला_रशर

मला तर वाटतं गोलकीपर काढायची वेळच येऊ नये. बरोबरी पुरत असेल तर सामना ब च्या पेनल्टी कॉर्नरवर ठरणार. तेवढे कमी करा.

कॉर्नर जातात कुठं? डी मध्ये (गोलसमोरच्या अर्धगोलात) पायाला बॉल लागून बरेच जातात. बचाव करणाऱ्यानं स्टिक जमिनीवर, पाय स्टिकच्या मागं नव्हे, बाजूला ठेवायचे. फॉरवर्ड मुद्दाम पाय शोधतो. दुसरं, दडपणात बॉल मुद्दाम बॅकलाइनबाहेर ढकलला तर कॉर्नर मिळतो. स्टिकला चुकून लागून गेला तर खेळ 23 मीटरच्या रेषेवरून सुरू होतो. तिसरं, डी च्या बाहेर पण 23 मीटरच्या आत जाणूनबुजून फाऊल केला तरी कॉर्नरच. मागून स्टिक अडकवायची सवय इथं महागात पडते.

कॉर्नर मिळालाच तर गोलकीपर आणि चौघे. पहिला रशर थेट फ्लिकरच्या स्टिकच्या रेषेत धावतो, दुसरा त्याच्या डाव्या मागं, फिरवलेल्या पाससाठी. एक पोस्टवर, एक गोलकीपरच्या बाजूला. पहिल्या हिटला 46 सेंटीमीटर उंचीची मर्यादा असते, फ्लिकला नसते, म्हणून बॉल डोक्याच्या उंचीवर येऊ शकतो. मास्क, हातमोजा आणि गुडघ्याचे पॅड नसतील तर त्या जागी पोराला उभं करूच नका. बॉल घेऊन बाहेर पळायचं असेल तर 23 मीटरच्या रेषेआधी मास्क उतरवायचा.

सगळ्यांत जास्त चूक होते ती लवकर निघण्याची. पुश (बॅकलाइनवरून बॉल आत ढकलणं) व्हायच्या आधी कुणी रेषा ओलांडली की त्याला मधल्या रेषेपलीकडं धाडतात आणि बदली मिळत नाही. चौघांचे तिघं. रशरनं फ्लिकरकडं बघू नये, पुश करणाऱ्याच्या हाताकडं बघावं.

आणि कार्ड. हिरवं 2 मिनिटांचं, पिवळं किमान 5 मिनिटांचं. पॅरिस ऑलिंपिकला 17 व्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड मिळालं, तरी ब्रिटनविरुद्ध दहा जणांनी 1–1 धरून ठेवलं आणि गोलकीपर श्रीजेशनं शूट-आउट जिंकून दिलं. पण पुढच्या सामन्यात जर्मनीविरुद्ध तोच आपला पहिला रशर बंदीमुळं बाहेर होता आणि आपण 2–3 हरलो. तुमच्या रशरला वाद घालू देऊ नका.

टर्फच्या_कडेला

हे सगळं आज रात्रीच ग्रुपवर टाकतो. एक शेवटचं: साडेतीनला ऊन असतं, टर्फ वाळलेलं असतं. आमच्या स्वतःच्या कॉर्नरवर पुश अडवताना (स्टॉप) बॉल उसळतो. काय करावं?

पहिला_रशर

सामन्याच्या अर्धा तास आधी पाणी मारून घ्यायची विनंती करा, आणि मध्यंतरात परत. वाळलेल्या टर्फवर पुशचा वेग मरतो आणि स्टॉपला बॉल उडी मारतो. वॉर्मअपमध्ये दहा पुश करून बघा. तीनहून जास्त उसळले तर ड्रॅग फ्लिक बाजूला ठेवा. स्टॉपरनं स्टिक पूर्ण आडवी, जमिनीला टेकवून धरायची, बॉल डी च्या बाहेर नीट मेलेला असायला हवा, मग खालून स्लॅप (स्टिक जमिनीलगत फिरवून मारलेला फटका). बॉल डी च्या बाहेर गेल्याशिवाय मारलेला गोल धरत नाहीत, हे पुशरला पुन्हा एकदा सांगा.