मदत हवी आहे : फेब्रुवारीत शामोनी, सहा माणसं. गाडीने की विमानाने?

नमस्कार मंडळी,

आम्ही रेडिंगला असतो. फेब्रुवारीच्या हाफ टर्मला फ्रान्समध्ये शामोनीला बर्फात जायचं ठरलंय, शनिवार ते शनिवार. घर बुक झालंय. व्हिसेही हातात आहेत. आई-बाबांचा शेंगेन व्हिसा साताऱ्याहून निघायच्या आधीच मुंबईत करून घेतला, कारण इथे व्हिजिटर म्हणून आल्यावर इथून अर्ज करता येत नाही. घोडं अडलंय ते जायचं कसं यावर.

माणसं सहा : मी, नवरा, मुलगा (६), मुलगी (३) आणि माझे आई-बाबा. गाडी सात सीटर आहे, पण तिसरी रांग उघडली की डिकीत जेमतेम एक पिशवी मावते. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे ती मागे चढू शकत नाही. मग पुढे नवरा आणि बाबा, मध्ये आई आणि दोन्ही पोरं, तिसऱ्या रांगेत मी आणि माझ्या शेजारची सीट पाडून त्यावर बॅगा, अशी मांडणी होते. मी परवा तिथे बसून बघितलं. मान वाकडी करून जेमतेम बसता येतं. केंटपर्यंत ठीक आहे हो, आल्प्सपर्यंत?

घरात दोन तट पडलेत. बाबा गाडीच्या बाजूने. आयुष्यभर आंबेनळी घाटातून जीप नेणाऱ्या माणसाला विमान म्हणजे फसवणूक वाटते, 'मधलं काही दिसतच नाही' म्हणतात. आईला गाडी लागते. महाबळेश्वरला जाताना पसरणी घाट संपेपर्यंत तोंडात आलेपाकाची वडी आणि डोळे मिटलेले. नवरा रोज एक एक्सेल उघडून बसतो आणि रोज वेगळा निकाल सांगतो.

त्याचा हिशोब असा. विमान : सहा जणांचं लंडन-जिनिव्हा जाऊन-येऊन, बॅगा धरून, सुमारे अठराशे पाउंड. शिवाय जिनिव्हाहून शामोनीला मिनीबस, दोन्ही वेळचे साडेतीनशे. गाडी : फोकस्टन-कॅले बोगद्याची गाडी तीनशेच्या आसपास, फ्रान्सचा टोल एका बाजूला ऐंशी युरोंच्या पुढे, डिझेल, वाटेत एक रात्र दोन खोल्या, परतताना पुन्हा एक रात्र, वर टायरचा खर्च. तरी हजार-अकराशेत बसतंय. फरक मोठा आहे, पण कॅलेपासून नऊशे किलोमीटर आणि चालवणारा एकटा नवरा. माझ्याकडे लायसन्स आहे, पण फक्त ऑटोमॅटिकचं, आणि आमची गाडी गिअरची.

तर ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा : टायर बदलावेच लागतात का? आईला बोगद्यात त्रास होईल का? आणि शनिवारच्या गर्दीबद्दल जे ऐकते ते खरं आहे का?

पाटणकर_काका
टायरचं आधी. फ्रान्समध्ये १ नोव्हेंबर ते ३१ मार्च डोंगराळ भागात एकतर चारही टायर हिवाळी हवेत, नाहीतर निदान इंजिनाने फिरणाऱ्या दोन चाकांसाठी साखळ्या किंवा टायरवर चढवायचे कापडी मोजे गाडीत हवेत. शामोनी त्यात येतं. टायरवर तीन शिखरं आणि त्यात हिमकण असं चिन्ह बघा. नुसतं 'एम प्लस एस' (चिखल-बर्फाचं चिन्ह) आता चालत नाही. ऑल सीझन टायरवर ते चिन्ह असेल तर नवे घ्यायची गरज नाही. इंग्लंडातल्या बहुतेक गाड्यांना मात्र उन्हाळी टायर असतात, तेव्हा आजच खाली वाकून बघा. साखळ्या घेतल्यात तर घरासमोर एकदा चढवून बघा. मी पहिल्यांदा त्या उघडल्या त्या रात्री, बर्फात, मोबाइलच्या उजेडात. पाऊण तास लागला आणि बोटं बधिर. बायको गाडीत बसून सूचना करत होती.

आणि रस्ता तुम्हाला वाटतो तसा घाटाचा नाही. रीम्स, त्रॉया, दिजॉन, बुर्ग-आँ-ब्रेस, मग ए-४० महामार्ग सरळ दरीतून. शामोनी स्वतः १०३५ मीटरवर. आईंना खरा त्रास झाला तर नांतुआच्या पुलांपासून पुढे, शेवटच्या दीड-दोन तासांत होईल.

उंबरठा
बोगद्याची काळजी सोडा. गाडी रेल्वेच्या डब्यात चढवायची, आपण गाडीतच बसायचं, पस्तीस मिनिटांत कॅले. हलत नाही, डुलत नाही. माझ्या सासूबाई 'सुटली का?' विचारत होत्या तेव्हा आम्ही समुद्राखालून अर्धे गेलो होतो. एकच सांगते, टपावर बॉक्स लावणार असाल तर उंची मोजून बुकिंग करा. १.८५ मीटरच्या वर गेलात तर वेगळा प्रकार निवडावा लागतो. फ्रेंच पासपोर्ट तपासणी फोकस्टनलाच होते, आता फोटो-ठशांची नवी पद्धतही आहे, वेळ हाताशी ठेवा.

ल्योंकर
शनिवारचं ऐकलंय ते खरं आहे. इथल्या, म्हणजे फ्रान्समधल्या, शाळांच्या हिवाळी सुट्ट्या तीन झोनमध्ये पाळीपाळीने असतात आणि सुट्टीसाठी भाड्याने दिलेल्या जवळपास सगळ्या घरांत माणसं शनिवारी बदलतात. 'बिझाँ फ्यूते' या सरकारी सेवेवर दिवसांना रस्त्यावरच्या गर्दीप्रमाणे रंग दिलेले असतात : हिरवा, नारिंगी, लाल, काळा. लाल किंवा काळा असेल तर शुक्रवारी रात्री दिजॉनपर्यंत या आणि शनिवारी पहाटे निघा.

काच धुवायचं पाणी उणे वीसलाही न गोठणारं भरा. साध्या पाण्याने माझी काच चालत्या गाडीत पांढरी झाली होती, ताशी एकशेदहाला. डिझेलही शेवटची टाकी डोंगराजवळ भरा, तिथे थंडीत न गोठणारं मिळतं. फ्लुरोसंट जॅकेट डिकीत नाही, हाताशी हवं. हेडलाइटवर स्टिकर, मागे 'यूके'चं स्टिकर. टोलचं यंत्र डाव्या हाताला येईल, म्हणजे ते काम बाबांचं. त्यांना खूश ठेवायचा हा उत्तम उपाय.

रानमेवा
विमानाच्या बाजूने कोणीच बोलत नाही म्हणून. शामोनीत गाडी लागत नाही. राहत्या ठिकाणाहून पाहुण्यांचं कार्ड मिळतं, त्यावर दरीतली बस आणि रेल्वे चालते. तुमची गाडी आठ दिवस बर्फाखाली उभी राहणार आणि तुम्ही तिला रोज खरवडणार. आई-बाबांना ३८४२ मीटरवरच्या एग्वी द्यु मिदी शिखरावर न्यायचं तर आधी डॉक्टरांना विचारा. मोंतांव्हेरची लाल रेल्वे १९१३ मीटरपर्यंतच जाते, ती बरी.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. टायर बघितले : उन्हाळी. गाडीच्या विम्याला फोन केला तर युरोपात फक्त थर्ड पार्टी, पूर्ण हवा तर वेगळे पैसे. हे कोणी विचारायच्या आधीच कळलं ते बरं.

काल रात्री बाबांनीच तोडगा काढला. नवरा, बाबा आणि मुलगा गाडीने, सगळं सामान घेऊन, शुक्रवारी त्रॉयाला मुक्काम. मी, आई आणि धाकटी शनिवारी विमानाने. जिनिव्हाला ते घ्यायला येतील आणि शेवटचा तास-सव्वा तास मी तिसऱ्या रांगेत काढीन, बॅगा टपावर. तिकिटं तीनच, खोली एकच. एक्सेलचं तोंड बंद झालं. साखळ्या आल्यात, रविवारी ड्राइव्हवेत तालीम आहे. बाबा सूचना करणार.

एक शेवटचा प्रश्न. आईने सामानात साजूक तुपाची बरणी आणि सातारी कंदी पेढे काढून ठेवलेत. गाडीतून चालेल ना?

उंबरठा
नाही चालत. ब्रिटनमधून युरोपियन युनियनमध्ये दूध-मांसाचे पदार्थ स्वतःपुरतेही नेता येत नाहीत. पेढे निघायच्या आधी संपवा, ते अवघड नाही. थालीपिठाची भाजणी मात्र बिनधास्त न्या.

ल्योंकर
तूप इथेच कढवा. लोण्याच्या पाकिटावर 'दू' (doux), म्हणजे बिनमिठाचं, लिहिलेलं घ्या. 'दमी-सेल' म्हणजे खारवलेलं, ते चुकून कढवलंत तर वरणाची वाट.

धागाकर्ती
आईला वाचून दाखवलं. ती कागदावर 'दू' लिहून घेतेय.