विश्वामित्री नदीकाठी दोन मगरींची झुंज, काय करावं?

आम्ही सहाजण सायकलवर फिरतोय, मुक्काम वडोदऱ्यात कमाटीबागेजवळ. दोन मगरी झुंजताहेत, एक रस्त्याकडे सरकतेय. वनविभागाला कळवलंय. तोवर?

– बहुधा हरलेली बाहेर पडते, नजर तिच्यावर ठेवा. रस्त्याच्या दोन्ही टोकांना दोघं-दोघं उभे राहून वर्दळ थांबवा, किमान १० मीटर लांबून. नदीकडची वाट मोकळी सोडा. ती अडली की मगर वस्तीत शिरते.

– कुत्री आधी बांधायला सांगा. दगड, फ्लॅश नकोच.

– पकडायला जाऊ नका, हात जोडून सांगतो. जबडा मिटणारे स्नायू प्रचंड, उघडणारे कमजोर. म्हणून बचाववाले डोळ्यांवर ओलं पोतं टाकून मगच तोंड बांधतात. तरी शेपटीचा फटका उरतोच. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तिला संरक्षण आहे.