[मंडळ-यादी] जहाजाआधीचा मुक्काम: वाशी, ठाणे की फोर्ट?

प्रेषक: सहल समिती

नमस्कार मंडळी,

मुंबई–गोवा–मुंबई क्रूझची नावं पक्की झाली. एकूण ३४ जण: नऊ जोडपी, चौघांची दोन कुटुंबं आणि एकटे येणारे आठ (चार बायका, चार पुरुष). जहाज शुक्रवारी १९ फेब्रुवारीला संध्याकाळी ५ वाजता सुटतं आणि सोमवारी २२ ला सकाळी परत येतं. बहुतेक जण अमेरिकेहून येतात, त्यांची विमानं गुरुवारी १८ ला पहाटे २ ते ४ च्या दरम्यान सहार विमानतळावर उतरतात. तीन ठिकाणचे दर आले आहेत: वाशी स्टेशनजवळ, ठाण्यात घोडबंदर रोडवर आणि फोर्टात. घोडबंदरचा दर सगळ्यांत कमी आहे. सध्या नवी मुंबई-ठाण्यात असलेल्या सभासदांनी मत कळवावं. रविवारपर्यंत आगाऊ रक्कम भरायची आहे.

---

प्रेषक: वाशीचे सभासद

समितीला नमस्कार.

माझं मत वाशी, तेही स्टेशनच्या बाजूला, सेक्टर ३०-अ मध्ये. दराच्या आधी रस्ता बघायला हवा, म्हणून तो आधी सांगतो.

जहाज बॅलार्ड पिअरला लागतं. वाशीहून बस खाडीपुलावरून मानखुर्दला येते, तिथून घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्याकडे वळून ईस्टर्न फ्रीवेवर चढते आणि पी. डिमेलो रोडवर ऑरेंज गेटला उतरते. तिथून बॅलार्ड इस्टेट काही मिनिटांवर. सगळं मिळून साधारण २५ किलोमीटर, आणि फ्रीवेवर एकही सिग्नल नाही. अडकायला होतं ते दोनच ठिकाणी: मानखुर्दला, आणि ऑरेंज गेटला. ऑरेंज गेट ते मरीन ड्राइव्ह बोगद्याचं काम तिथेच चालू आहे. मोकळ्या रस्त्याला पाऊण तास धरा, पण ठरवताना दीड तास धरा.

अटल सेतूने जाऊ या, असं कुणीतरी नक्की सुचवेल. वाशीहून त्याचा उपयोग नाही. तो चिर्ल्याहून शिवडीला येतो, २१.८ किलोमीटर, आणि कारला एका बाजूचे २५० रुपये. उलवे किंवा पनवेलकडून येणाऱ्याला तो सोयीचा, वाशीकराला मात्र उलटा वळसा.

घोडबंदर रोडवर उतरायचं असेल तर फोर्टापेक्षा तिथून तीन हात नाक्यापर्यंत पोचायचीच काळजी जास्त. मेट्रोची कामं, गुजरातकडचे ट्रक, आणि गायमुखच्या घाटात एक गाडी बंद पडली की माजिवड्यापर्यंत रांग. खोलीमागे हजार रुपये वाचले तरी ३४ जणांचं जहाज त्या रांगेवर टांगून ठेवू नये. जहाज थांबत नाही. दोन माणसं उशिरा आली तर ती बंदरावरच राहतात आणि पुढच्या बंदरापर्यंतचा प्रवास स्वखर्चाने करतात.

वाशीत आणखी एक फायदा आहे, आणि माझ्या दृष्टीने तोच सगळ्यांत मोठा. अमेरिकेहून येणाऱ्या प्रत्येकाकडे २३ किलोच्या दोन बॅगा धरल्या तर ६८ मोठ्या बॅगा होतात. तीन रात्रींच्या क्रूझला त्या कुणालाच नको असतात, केबिनमध्ये त्या ठेवायला जागाही नसते. ३५ सीटर बसच्या डिकीत त्या मावत नाहीत, उरलेल्या मधल्या वाटेत रचाव्या लागतात. म्हणून जहाजाच्या आधी आणि नंतर एकाच हॉटेलात उतरा आणि मोठ्या बॅगा तिथेच ठेवा. १९ ते २२ तारखेपर्यंत बॅगा कुलूपबंद खोलीत राहतील, प्रत्येकीला नंबराचा टॅग लागेल आणि तेच नंबर एका यादीवर सही घालून मिळतील, हे लेखी घ्या. 'लगेज ठेवू' एवढ्या तोंडी शब्दावर जाऊ नका. रिसेप्शनची पाळी बदलली की तो शब्द कुणाला आठवत नाही. प्रत्येकाने जहाजावर एक केबिन बॅग न्यावी. औषधं, पासपोर्ट आणि एक कपड्यांचा जोड खांद्यावरच्या पिशवीत असू द्या, कारण बंदरावर दिलेली बॅग खोलीच्या दारात यायला कधीकधी संध्याकाळ होते.

स्टेशनच्या बाजूचं हॉटेल म्हणतो त्याचंही कारण आहे. १९ फेब्रुवारी म्हणजे शिवजयंती. वाशीच्या शिवाजी चौकात सकाळपासून मिरवणुका आणि गर्दी असते, आणि सेक्टर १७ मधून बस काढणं जड जातं. स्टेशन महामार्गाच्या पलीकडे आहे, तिथून चौकाशी संबंध न येता थेट पुलावर चढता येतं. राहिलेली खरेदी आणि औषधं यांसाठी इनऑर्बिट आणि रघुलीला मॉल पायी अंतरावर आहेत.

---

प्रेषक: ठाणे, नौपाड्यातल्या सभासद

वाशीच्या काकांचं रस्त्याबद्दलचं म्हणणं मला मान्य आहे, घोडबंदरबद्दलचंही. ठाण्याची बाजू एवढीच मांडते की तीन हात नाक्याजवळ, पूर्व द्रुतगती मार्गाला लागून हॉटेल मिळालं तर ठाणंही चालण्यासारखं आहे. चेंबूरला फ्रीवे पकडायचा आणि पुढे तोच रस्ता. वाशीपेक्षा दहा-बारा किलोमीटर जास्त. ज्यांचे आईवडील ठाण्यात आहेत त्यांनी गुरुवारची रात्र घरी काढावी आणि शुक्रवारी सकाळी ट्रान्स-हार्बर लोकलने वाशीला बसपाशी यावं. त्यांना परस्पर बंदरावर बोलावू नका. एका गेटावर एक यादी आणि एक माणूस मोजणारा, हे सुटलं की गोंधळ होतो.

आता हॉटेलबद्दल. समितीच्या पत्रात दोन गोष्टी दिसल्या नाहीत.

पहिली म्हणजे रात्र कुठली. गुरुवारी पहाटे ३ वाजता येणाऱ्याची खोली बुधवार, १७ तारखेपासून बुक करायची असते. चेक-इन दुपारी २ किंवा ३ ला असतं. १८ ची खोली घेतली तर पहाटे आलेली माणसं अकरा तास लॉबीत बसतील. म्हणजे प्रत्येक खोलीच्या दोन रात्री, १७ आणि १८. बुकिंगवर विमानाचे क्रमांक आणि 'पहाटे उशिरा येणार' हे शब्द लिहून घ्या. नाहीतर मध्यरात्री रात्रपाळीचा माणूस 'नो-शो' समजून खोली दुसऱ्याला देतो, आणि त्या वेळी भांडायला सेल्सचं कुणी जागेवर नसतं.

दुसरी, पासपोर्ट. आपल्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांकडे परदेशी पासपोर्ट आणि ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं कार्ड) आहे. परदेशी पाहुण्याची माहिती हॉटेलला २४ तासांत ऑनलाइन नोंदवावी लागते. हॉटेलवाले त्याला फॉर्म सी म्हणतात. छोट्या हॉटेलांकडे ही सोय नसते आणि ती रात्री ३ वाजता दारातच 'फॉरेनर घेत नाही' म्हणून मोकळी होतात. दर विचारायच्या आधी हे विचारा. पासपोर्टचं फोटोचं पान आणि ओसीआय किंवा व्हिसा आधी ईमेलने पाठवून ठेवा, लहान मुलांचंही. प्रवेशाच्या शिक्क्याचं पान उतरल्यावरच मिळेल. भारतीय पासपोर्टवाल्यांना तोच पासपोर्ट पुरतो. घरून येणाऱ्या नातेवाइकांनी आधार किंवा लायसन्स आणावं, पॅन कार्ड पत्त्याचा पुरावा म्हणून चालत नाही.

खोल्यांचा हिशोब मी मांडून ठेवला आहे: जोडप्यांना नऊ डबल, कुटुंबांना दोन-दोन जोडखोल्या म्हणजे चार, आणि एकट्यांना चार ट्विन. एकूण १७. 'डबल' म्हणजे एक मोठा पलंग आणि 'ट्विन' म्हणजे दोन वेगळे, हे स्पष्ट लिहा. नुसतं '१७ डबल ऑक्युपन्सी' लिहिलं तर चारही ट्विनच्या जागी एकेक पलंग मिळतो आणि पहाटे ३ ला गाद्या हलवायला माणूस नसतो. नावं पासपोर्टवर आहेत तशीच लिहा. घरातली नावं यादीत आली की चावी द्यायला वेळ लागतो.

---

प्रेषक: सहल समिती

ताई, काका, मनापासून आभार. वाशीचा दर खोलीमागे रात्रीला ७,६०० अधिक कर आहे. नाश्ता धरून. फोर्टातलं हॉटेल १७ खोल्या एकत्र देऊ शकत नाही, दोन मजल्यांवर नऊच देतो म्हणालं.

---

प्रेषक: वाशीचे सभासद

७,६०० घेऊ नका. सप्टेंबर २०२५ पासून खोलीचा दर ७,५०० पर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के आहे, त्यावर गेला की १८ टक्के. ७,६०० वर १,३६८ कर लागून ८,९६८ होतात. तेच ७,४०० ला मिळालं तर ३७० कर, एकूण ७,७७०. खोलीमागे रात्रीला १,१९८ चा फरक. १७ खोल्या, दोन रात्री, म्हणजे ४०,७३२ रुपये. सेल्स मॅनेजरला हे माहीत असतं, पण आपण विचारल्याशिवाय तो सांगत नाही. दर ७,४०० करा म्हणा, कारण त्याला सोडावे लागतात फक्त २०० रुपये. एक्स्ट्रा बेड किंवा जेवण दरात मिसळून आकडा पुन्हा ७,५०० च्या वर जाणार नाही ना, तेही बघा.

दुसरी अट रद्द करण्याची. ग्रुपला दर देताना हॉटेल एक तारीख घालतं, तिच्यापुढे खोली सोडली तर पैसे बुडतात. ती तारीख जास्तीत जास्त १५ दिवस आधीची मागा, आणि त्यानंतरही दोन खोल्या दंडाशिवाय सोडता येतील असं लिहून घ्या. ३४ माणसांत शेवटच्या पंधरवड्यात कुणीतरी आजारी पडतंच. हॉलमध्ये त्या दोन रात्री लग्न आहे का हेही विचारा. फेब्रुवारीत मुहूर्त असतात. वरातीचा बँड आणि वऱ्हाडाने भरलेल्या लिफ्टा, त्यात विमानाचा शीण, हे म्हाताऱ्यांना झेपत नाही. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर काही आहे का तेही पाहा. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेच्या कार्यक्रमांना नवी मुंबईतल्या हॉटेलांचे दर गगनाला भिडले होते.

---

प्रेषक: एक सभासद

मेट्रो ३ आता थेट टी-२ ते सीएसएमटी जाते ना? मग विमानतळाजवळच राहिलो तर?

---

प्रेषक: ठाणे, नौपाड्यातल्या सभासद

जाते, ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण मार्ग चालू आहे. एकटा माणूस आणि एक बॅग असेल तर उत्तम. पण ३४ जण, व्हीलचेअरवरचे तिघे, आणि सीएसएमटीला उतरून पुन्हा टॅक्स्या, हे ग्रुपला जमत नाही. रिक्षा दक्षिण मुंबईत येत नाही, त्यामुळे तो मार्गही बंद. नागपूरहून देशांतर्गत विमानाने येणाऱ्यांनी नवी मुंबई विमानतळाची तिकिटं बघावी, तिथून वाशी जवळ पडतं.

चालकासाठी एक सूचना. नकाशावर नुसतं 'क्रूझ टर्मिनल' टाकलं तर गाडी भाऊच्या धक्क्याला नेण्याची शक्यता असते, तिथून मांडव्याची रो-रो बोट सुटते. 'गेटवे' म्हणालात तर घारापुरीच्या लाँचपाशी. तिकिटावर गेटचं जे नाव छापलं आहे तेच मराठीत लिहून चालकाच्या हातात द्या. आणि बसमालकाला आजच विचारा की त्याची गाडी त्या दिवशी, त्या वेळी दक्षिण मुंबईत चालते का. मोठ्या खासगी बसना तिथे वेळेचे निर्बंध असतात. मला विचाराल तर एका मोठ्या बसऐवजी १७ सीटरच्या दोन टेम्पो ट्रॅव्हलर घ्या. मोठ्या बॅगा हॉटेलातच राहणार असतील तर त्या पुरतात, आणि एक पंक्चर झाली तरी निम्मी माणसं वेळेत पोचतात.

---

प्रेषक: सहल समिती

वाशी ठरलं. हॉटेल ७,४०० ला तयार झालं. त्यांना आज पाठवलेला मजकूर:

"१७ खोल्या (९ डबल, ४ ट्विन, २ जोडखोल्यांच्या जोड्या), १७ आणि १८ फेब्रुवारीच्या रात्री, आगमन १८ ला पहाटे. लिफ्टजवळच्या तीन खोल्या व्हीलचेअरसाठी, न्हाणीघरात उंबरा नसलेल्या. १९ ला नाश्ता ७ पासून, चेक-आउट ११ वाजता. ३४ जणांच्या मोठ्या बॅगा २२ पर्यंत टॅग लावून ठेवणे. परदेशी पाहुण्यांची नोंद हॉटेलकडे. रद्द करण्याची शेवटची तारीख २ फेब्रुवारी, त्यानंतर दोन खोल्या दंडाशिवाय. दोन टेम्पो ट्रॅव्हलर ११.१५ ला दारात."

तिकिटाप्रमाणे चेक-इन ३ वाजता बंद होतं, म्हणून १ वाजता गेटवर पोचण्याचा बेत आहे.

---

प्रेषक: वाशीचे सभासद

सगळं बरोबर आहे. फक्त २२ तारखेसाठी दोन खोल्या दिवसापुरत्या मागून ठेवा. जहाज सकाळी लागतं आणि परतीची बरीच विमानं मध्यरात्रीची आहेत. मधल्या वेळात अंघोळ करायला, बॅगा पुन्हा भरायला आणि म्हाताऱ्यांना आडवं व्हायला जागा लागेल. एक बायकांना, एक पुरुषांना. आत्ता मागितल्या तर बहुधा अर्ध्या दरात देतील. आणि जहाजावर घरचे खाद्यपदार्थ, इस्त्री, किटली चढवू देत नाहीत, तेव्हा लाडवांचे डबे मोठ्या बॅगेतच राहू द्या.