याकोबाचं पत्र तरुण संघात: पौलाशी मेळ कसा घालायचा आणि रोजच्या जगण्याला कसं लावायचं?

शुक्रवारचा_अभ्यास:

जय ख्रिस्त. तरुण संघात याकोबाचं पत्र घ्यायचं ठरलं आहे. चार शुक्रवार, दर वेळी पाऊण तास. येणारे बहुतेक नोकरी करणारे, काही कॉलेजात. दोन ठिकाणी मदत हवी आहे.

पहिलं, २:२४ (माणूस केवळ विश्वासाने नव्हे तर क्रियांनी नीतिमान ठरतो) आलं की अर्धा गट म्हणणार, "तारण विश्वासानेच, मग हे काय?" पौलाचं रोमकरांस ३:२८ (माणूस नियमशास्त्रातील कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान ठरतो) शेजारी ठेवलं तर सरळ विरोध दिसतो. हे थोडक्यात पण खरेपणाने कसं सांगावं?

दुसरं, हे पत्र रोजच्या जगण्याचं आहे असं सगळेच म्हणतात, पण अभ्यास शेवटी "चांगलं वागा" एवढ्यावर येऊन थांबतो. नेमकं करायला काय द्यावं?

ग्रीक_वाचक:

पहिल्या प्रश्नासाठी उत्पत्ती उघडा. दोघंही अब्राहामाचाच दाखला देतात आणि दोघंही उत्पत्ती १५:६ हेच वचन, म्हणजे अब्राहामाने देवावर विश्वास ठेवला आणि तो त्याला नीतिमत्त्व असा गणला गेला, हे उद्धृत करतात (रोम. ४:३, याकोब २:२३). त्यानंतर वाटा फुटतात. पौल विचारतो, अब्राहाम नीतिमान गणला गेला तेव्हा त्याची सुंता झाली होती का? नव्हती. त्याचा मुलगा इश्माएल जन्मला तेव्हा तो ८६ वर्षांचा (१६:१६), सुंता झाली तेव्हा ९९ वर्षांचा (१७:२४), आणि पंधरावा अध्याय या दोन्हींच्या आधीचा. म्हणजे मधे निदान तेरा वर्षं. याकोब मात्र बाविसाव्या अध्यायात जातो, अब्राहामाने मुलगा इसहाक याला वेदीवर ठेवलं तिथे, आणि म्हणतो की १५:६ चं वचन तिथे पूर्ण झालं. देव माणसाला कशाच्या आधारावर स्वीकारतो, हा पौलाचा प्रश्न. याकोबाचा प्रश्न वेगळा: "माझा विश्वास आहे" असं जो म्हणतो, त्याचा विश्वास जिवंत आहे हे ओळखायचं कशावरून? २:१४ मधलं "म्हणतो" हे क्रियापद सगळ्यांना अधोरेखित करायला लावा. अर्धा वाद तिथेच मिटतो.

आता शब्दांचं. आपल्या रूढ मराठी भाषांतरात रोमकरांस ३:२८ मध्ये "कर्म" आहे आणि याकोबात "क्रिया". ग्रीकमध्ये दोन्हीकडे एकच शब्द, "एर्गा". पण पौल तिथे "नियमशास्त्रातील" हे विशेषण जोडतो, आणि त्याच्यासमोरचा वाद सुंता, खाणंपिणं, सणवार पाळण्याचा आहे. याकोबाच्या क्रिया म्हणजे उघड्याला कपडा, उपाशाला अन्न. शिवाय "कर्म" म्हटलं की मराठी कानाला कर्मफळ ऐकू येतं. दोघांच्याही मनात ते नाही, हे पहिल्याच दिवशी सांगून टाका, नाहीतर चर्चा भलतीकडे जाते.

"केवळ विश्वासाने" हे शब्द जोडीने नव्या करारात एकदाच येतात, याकोब २:२४ मध्ये, आणि तेही नकारार्थी. हे लपवू नका. जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरने १५२२ च्या जर्मन नव्या करारात रोमकरांस ३:२८ मध्ये "केवळ" हा शब्द स्वतः घातला आणि त्याच आवृत्तीच्या प्रस्तावनेत याकोबाच्या पत्राला "गवताचं पत्र" म्हटलं. ते वाक्य पुढच्या आवृत्त्यांतून गेलं, पण पत्र त्याच्या बायबलमध्ये राहिलं. गटातल्या कुणाला हे पत्र जड गेलं तर त्यात बिघडलं काही नाही, तेव्हाच्या मोठ्या माणसालाही ते जड गेलं होतं.

शेवटी इफिसकरांस २:८-१० एका दमात वाचून घ्या. बहुतेक जण नवव्या वचनावर थांबतात. दहावं वचन सत्कृत्यांसाठीच आपल्याला निर्माण केलं असं सांगतं. गलतीकरांस ५:६ मधला प्रीतीच्या द्वारे काम करणारा विश्वास हाही पौलाचाच.

शब्बाथ_शाळा:

मांडणीबद्दल. पत्रात ५ अध्याय, १०८ वचनं, आणि त्यात पन्नासहून जास्त आज्ञार्थी क्रियापदं आहेत. म्हणून एकेक वचन फोडत बसलात तर चौथ्या शुक्रवारपर्यंत नुसती आज्ञांची यादी हाती येईल. पहिल्या शुक्रवारी पूर्ण पत्र मोठ्याने वाचा, वाचणारे पाच जण, एकेकाला एक अध्याय. पंधरा-वीस मिनिटं पुरतात. मंडळ्यांना पत्रं अशीच वाचून दाखवली जात.

उरलेल्या वेळात लेवीय १९:१२-१८ समोर ठेवा आणि जोड्या लावायला सांगा. खोटी शपथ: लेवीय १९:१२, याकोब ५:१२. मजुराची मजुरी रात्रभर ठेवून घेणं: १९:१३, याकोब ५:४. पक्षपात: १९:१५, याकोब २:१ आणि २:९. चहाडी: १९:१६, याकोब ४:११. शेजाऱ्यावर प्रीती: १९:१८, याकोब २:८, तिथे तर थेट उद्धरणच. जोड्या त्यांनाच शोधू द्या, तुम्ही फळ्यावर तयार लिहून आणू नका. याकोब नवी आचारसंहिता लिहीत नाही, "शेजाऱ्यावर प्रीती कर" याच एका आज्ञेचा अर्थ उलगडून दाखवतो, हे मुलांना आपसूक कळतं.

दुसरा शुक्रवार वर सांगितलेल्या अब्राहामाला द्या. राहाब (२:२५) विसरू नका. यहोशवाच्या दुसऱ्या अध्यायात तिचा विश्वास आधी तोंडाने येतो (२:११), मग दोरीने आणि खिडकीने, म्हणजे हेरांना ती खिडकीतून दोरीने उतरवते तेव्हा. तिसरा शुक्रवार जिभेचा, तिसरा अध्याय. इथे व्हॉट्सॲप घ्यायलाच हवं. नेमका प्रश्न द्या: गेल्या आठवड्यात कुणाबद्दल काही पुढे पाठवलं, ते खरं आहे की नाही न पाहता? ज्या तोंडाने स्तुती त्याच तोंडाने शाप, हे ३:९-१० बोटांनाही लागू आहे. चौथ्या शुक्रवारी ४:१३ ते ५:६.

वसईकर:

चौथ्या शुक्रवारी घाई करू नका, माझ्या मते सगळं पत्र तिथे येऊन ठेपतं. ५:४ मध्ये मजुरांच्या आरोळ्यांच्याही आधी त्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते. मागे अनुवाद २४:१४-१५ आहे: मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्याआधी द्यायची, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यात अडकलेला असतो. मत्तय २० मध्ये मळ्याचा धनीही संध्याकाळ झाल्यावर लगेच मजुरी द्यायला सांगतो, एक दिनार, म्हणजे एका दिवसाची मजुरी. कॅथलिक शिकवणुकीत मजुराची मजुरी बुडवणं हे स्वर्गाकडे टाहो फोडणाऱ्या पापांत मोजतात, आणि पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या कामगारविषयक परिपत्रकात हेच याकोबाचं वचन दिलं आहे.

मुलं म्हणतील, आमच्याकडे कुठे मजूर? म्हणून प्रत्येकाला कोरा कागद द्या, दहा मिनिटं शांतता, आणि लिहायला सांगा: घरकामाच्या मावशी, दूधवाले, पेपरवाले, इस्त्रीवाले, शिंपी, रंगारी, रिक्षावाले काका, उसने घेतलेले मित्र. प्रत्येकापुढे तीन गोष्टी: किती देणं आहे, कधी द्यायचं ठरलं होतं, उशीर कशामुळे. कागद कुणी कुणाला दाखवायचा नाही. ५:१६ मधली कबुली एकमेकांवर विश्वास असलेल्यांसाठी आहे, वीस जणांसमोर ती लादली की मुलं पुढच्या वेळी खरं लिहीत नाहीत. निघताना एवढंच सांगा की यादीतलं सगळ्यात गरीब माणूस आधी, आणि शक्य तर त्याच रात्री.

इथे हमखास एक घसरण होते. "पैसे नंतर देऊ, तोवर प्रार्थना करू" असं कुणीतरी म्हणतं. २:१६ मधलं "सुखाने जा, ऊब घ्या, तृप्त व्हा" हे ऐकायला आशीर्वादासारखंच आहे. याकोब विचारतो, त्याचा उपयोग काय?

मंडळीचा_खजिनदार:

वरच्यात पैशाची एक बाजू राहिली. मुलं नोकरीला लागली की दशांश, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग देण्याबद्दल, विचारतात. मार्क ७:९-१३ सोबत घ्या: आईवडिलांना द्यायचं ते "कुर्बान" म्हणून देवाला वाहिलं असं सांगणाऱ्यांना येशू दोष देतो. १ तीमथ्य ५:८ तेच कडक शब्दांत म्हणतं. तेव्हा वर्गणी देण्यासाठी आईच्या औषधाचे पैसे थांबवणं शास्त्राला धरून नाही. नियमितपणासाठी १ करिंथकरांस १६:२, म्हणजे आठवड्याच्या पहिल्या दिवशी, मिळकतीच्या मानाने बाजूला काढायचं.

तरुण संघाने गरजूंसाठी निधी काढला तर २ करिंथकरांस ८:२०-२१ पाळा. पौलाने यरुशलेमकडे जाणारी देणगी एकट्याच्या हाती ठेवली नाही. आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळीतले आणखी दोन भाऊ पाठवले, कुणी दोष ठेवू नये म्हणून. आपल्याकडे याचा अर्थ असा: मोजणी दोघांनी, एका घरातले दोघं नकोत, रक्कम त्याच दिवशी वहीत, खाली दोघांच्या सह्या. मदत घेणाऱ्याचं नाव मात्र गटात वाचून दाखवू नका, याकोब २:६ मधला गरिबाचा अपमान तसाही होतो.

शुक्रवारचा_अभ्यास:

मनापासून आभार सगळ्यांचे. लेवीयच्या जोड्या आणि कागदाची कल्पना दोन्ही घेतो. एक शेवटचं: ५:१५, "विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवील". गटात एकीचे वडील बरेच दिवस आजारी आहेत. हे वचन कसं वाचावं?

शब्बाथ_शाळा:

जपून. हे वचन आजाऱ्याच्या विश्वासाचं माप काढण्यासाठी नाही. ५:१४ मध्ये प्रार्थना करायची आहे मंडळीच्या वडिलांनी, म्हणजे मंडळीतल्या जबाबदार ज्येष्ठांनी, आजाऱ्याने फक्त त्यांना बोलवायचं आहे. "तुझा विश्वास कमी पडला" असं तिच्या घरात कुणी म्हणत असेल तर ते या वचनात नाही. त्याच वचनात आजाऱ्याला तेल लावायला सांगितलं आहे, त्यावरून औषध बंद करा असाही अर्थ निघत नाही. लूक १०:३४ मधला शोमरोनी जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, पौल तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो (१ तीम. ५:२३), आणि आपला सोबती त्रफिम याला मिलेत शहरात आजारी सोडून पुढे जातो (२ तीम. ४:२०). गटात हे वचन यायच्या आधी त्या मुलीशी एकटीशी बोला, आणि पाळकांना विचारून मंडळीच्या वडिलांपैकी दोघांना तिच्या घरी न्या. तिची आणि तिच्या आईची तयारी असेल तरच.