एका कागदावर मणका सरकलेला, दुसऱ्यावर जागच्या जागी. खरं काय?

खिडकीजवळची

पाच आठवड्यांपूर्वी कपाट सरकवताना कमरेत चमक भरली. तेव्हापासून डाव्या कुल्ल्यातून पोटरीच्या बाहेरच्या अंगाने पावलापर्यंत करंट गेल्यासारखं होतं, खोकला आला की जास्तच. मैत्रिणीच्या सांगण्यावरून कायरोप्रॅक्टरकडे, म्हणजे मणक्यांवर हाताने उपचार करणाऱ्याकडे गेले. त्यांनी पाठीवरून बोटं फिरवली आणि फॉर्मवर लिहिलं, 'एल५ सबलक्सेशन, १२ ॲडजस्टमेंट'. घरी येऊन शब्द शोधला, तर अर्थ निघाला 'सांधा अर्धवट निखळणे'. झोपच उडाली. ॲडजस्टमेंट करून न घेता अस्थिरोगतज्ज्ञ गाठले, एमआरआय काढला. त्याचा रिपोर्ट जसाच्या तसा देवनागरीत उतरवते:

'लंबर लॉर्डोसिस स्ट्रेटन्ड. अलाइनमेंट मेंटेन्ड, नो लिस्थेसिस. एल४-एल५ डिस्क डेसिकेटेड, डिफ्यूज बल्ज विथ लेफ्ट पॅरासेंट्रल प्रोट्रूजन, इंडेंटिंग थीकल सॅक, कॉन्टॅक्टिंग लेफ्ट ट्रॅव्हर्सिंग नर्व्ह रूट. माइल्ड फॅसेट आर्थ्रोपथी. कोनस मेडुलारिस अनरिमार्केबल. कोरिलेट क्लिनिकली.'

एक म्हणतो निखळलाय, दुसरा म्हणतो जागेवर आहे. विश्वास कुणावर ठेवू? आणि हे 'अनरिमार्केबल' काय आहे? शेरा मारण्याच्याही पलीकडे गेलंय का? डॉक्टर सोमवारी भेटणार आहेत.

टंकलेखिका

ताई, आधी अनरिमार्केबलचं सांगते म्हणजे आज झोपाल. रिपोर्टात त्याहून चांगला शब्द नसतो. 'सांगण्यासारखं काही सापडलं नाही', एवढाच अर्थ. कोनस मेडुलारिस म्हणजे मज्जारज्जूचं निमुळतं टोक. ते कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतं, त्याखाली नुसता नसांचा झुपका असतो. तुमचं ते टोक ठणठणीत आहे.

मी डॉक्टर नाही. अकरा वर्षं कानाला हेडफोन लावून असे रिपोर्ट टाइप केलेत, त्यामुळे शब्दांपुरतं बोलते.

मानेचे मणके ७, छातीमागचे १२, कमरेचे ५. मानेला सी, कमरेला एल, आणि मधल्यांना कुणी टी लिहितं तर कुणी डी. त्यावरून घाबरून फोन करणारेही पाहिलेत, पण मणके तेच. 'एल४-एल५' यातली मधली आडवी रेघ महत्त्वाची. ती रेघ म्हणजे दोन मणक्यांमधली चकती. तुमच्या रिपोर्टाचा सगळा रोख त्या रेघेवर आहे, हाडावर नाही.

डेसिकेटेड म्हणजे चकतीतलं पाणी कमी झालंय, एमआरआयवर ती काळपट दिसते. बल्ज म्हणजे चकतीचा घेर बऱ्याच भागात थोडा बाहेर आलाय. प्रोट्रूजन म्हणजे एका जागी फुगवटा, पण बुडाशी रुंद. तोच बुडापेक्षा पुढे मोठा झाला तर एक्स्ट्रूजन, आणि तुकडा सुटून वेगळा पडला तर सीक्वेस्ट्रेशन. स्लिप डिस्क आपण सगळेच म्हणतो, पण चकती बशीसारखी घसरत वगैरे नाही. पॅरासेंट्रल म्हणजे मध्याच्या जरा बाजूला, तुमच्या बाबतीत डावीकडे. थीकल सॅक म्हणजे नसांभोवतीची पाण्याची पिशवी, तिला खळी पडलीय. लॉर्डोसिस म्हणजे कमरेची नैसर्गिक कमान. स्नायू आखडले तरी ती सरळ दिसते. फॅसेट आर्थ्रोपथी म्हणजे मणक्यांच्या मागच्या छोट्या सांध्यांची झीज, तुमच्याकडे माइल्ड, म्हणजे किरकोळ.

लिस्थेसिस म्हणजे एक मणका खालच्यावरून सरकणं, पाव रुंदीपर्यंत सरकला तर ग्रेड १. तुमच्याकडे ते नाही. मी एकदा 'लायसिस'च्या जागी 'लिस्थेसिस' टाइप केलं होतं. रेडिओलॉजिस्टनी आवाज न चढवता आख्खं पान पुन्हा करायला लावलं. लायसिस म्हणजे मणक्याच्या मागच्या कमानीतला तडा. तडा वेगळा आणि सरकणं वेगळं, हे त्या दिवसापासून विसरले नाही. तसंच स्पॉन्डिलोसिस म्हणजे मणक्यांची झीज आणि स्पॉन्डिलायटिस म्हणजे दाह. मान धरली की आपण बेधडक 'स्पॉन्डिलायटिस' म्हणतो, रिपोर्टात मात्र बहुतेक वेळा स्पॉन्डिलोसिस असतं.

सबलक्सेशनचं मला सांगता येणार नाही. मणक्यांच्या एमआरआयमध्ये तो शब्द क्वचितच टाइप केला.

पायरी_पायरीने

मी फिजिओथेरपिस्ट. गोंधळ नेमका त्याच शब्दाने केलाय. वैद्यकात सबलक्सेशन म्हणजे सांध्याची दोन टोकं एकमेकांवरून अर्धवट सुटणं, आणि ते फोटोत दिसतं. कायरोप्रॅक्टिकमध्ये हाच शब्द वेगळ्या अर्थाने रुळलाय. १८९५ मध्ये अमेरिकेत, आयोवातल्या डेव्हनपोर्टला डी. डी. पामर यांनी ही पद्धत सुरू केली. मणके जरासे हलले की नसा अडतात आणि त्यातून रोग होतात, असं त्यांचं म्हणणं. आज काही कायरोप्रॅक्टर 'हा सांधा नीट हलत नाही' एवढ्यापुरताच तो शब्द वापरतात. रोगाचं कारण म्हणून त्याला पुरावा नाही, हे ब्रिटनच्या जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिलनेच २०१० मध्ये सांगितलंय. तेव्हा तुमच्या फॉर्मवरच्या शब्दाचा अर्थ हाड निखळलं असा धरू नका. एमआरआयमध्ये मणके रांगेत आहेत.

ॲडजस्टमेंट म्हणजे सांध्याला दिलेला वेगवान पण अगदी थोड्या अंतराचा झटका. त्या वेळी येणारा 'कट्' आवाज हाड जागेवर बसल्याचा नव्हे. सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी होते, त्याचा तो. २०१५ मध्ये बोटं मोडताना एमआरआय काढून ते पाहिलंय.

पायात कळ उतरत असताना नसांची तपासणी झाल्याशिवाय झटका घेऊ नका. आणि पहिल्याच दिवशी १२ हा आकडा कशावरून ठरला, हे मी तरी विचारलं असतं.

आता 'कोरिलेट क्लिनिकली'. फोटोत दिसतंय ते दुखण्याशी जुळतंय का, ते माणूस तपासून ठरवा, असं रेडिओलॉजिस्ट सांगतोय. काहीही दुखत नसलेल्या ३,११० लोकांच्या स्कॅनचा आढावा २०१५ मध्ये आला. त्यात विशीतल्या ३० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांमध्ये बल्ज होता. म्हणून नुसत्या बल्जवर काही ठरत नाही. एल४-एल५ ची चकती अशी मध्याच्या बाजूला फुगली की सहसा खाली उतरणाऱ्या एल५ नसेला लागते. ट्रॅव्हर्सिंग म्हणजे तीच. ही नस पायाचा अंगठा वर उचलते. सोमवारी डॉक्टर अंगठ्यावर बोट दाबून 'वर उचला' म्हणाले तर चकित होऊ नका.

मांड्यांच्या मधला भाग बधिर वाटला, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, पाऊल लुळं पडलं, तर सोमवारची वाट बघायची नाही. त्याच क्षणी इमर्जन्सी.

जुनाट_पाठ

कायरोप्रॅक्टरला सरसकट झोडपू नका. माझी नुसती कंबर धरली होती, पायात काही नव्हतं, तीन वेळा गेलो आणि हलकं वाटलं. मला छळलं ते रिपोर्टातल्या 'डीजनरेटिव्ह' शब्दाने. मणका कुजतोय अशी समजूत करून घेतली आणि दोन वर्षं पायातले मोजे बायकोकडून घालून घेतले. वाकलो तर काहीतरी तुटेल ही भीती. शेवटी कुणीतरी सांगितलं, अहो, केस पिकतात तसं आहे ते.

पायरी_पायरीने

झोडपत नाही हो. नुसत्या कंबरदुखीत व्यायामाच्या जोडीने हाताने केलेले उपचार चालतात, ब्रिटनच्या नाइस या आरोग्यसंस्थेची मार्गदर्शक तत्त्वंही तेच सांगतात. यांच्या पायात कळ आहे, म्हणून थांबवलं.

खिडकीजवळची

सोमवार झाला. डॉक्टरांनी उताणं झोपवून डावा पाय सरळ उचलला, चाळीसेक अंशांवर तीच कळ पार पावलापर्यंत गेली. मग दोन्ही अंगठ्यांवर बोटं ठेवून म्हणाले, 'वर उचला.' मला हसूच आलं, त्यांना कळेना का. उजवा टणक, डावा त्यांच्या बोटाखाली हळूहळू खाली गेला. फार नाही, पण मलाही दिसलं.

कागदावर लिहिलं 'लेफ्ट एल५ रॅडिक्युलोपॅथी'. मी विचारायच्या आत त्यांनीच सांगितलं, रॅडिक्स म्हणजे मूळ, नसेच्या मुळाचं दुखणं. सहा आठवडे गोळ्या आणि व्यायाम, अंगठा आणखी ढिला पडला तर लगेच यायचं. झटके तूर्त नाहीत.

घरी येऊन दोन्ही कागद पुन्हा शेजारी ठेवले. टंकलेखिकाताई, दोन्हींवर एल५ च आहे की! एकाचं हाड आणि दुसऱ्याची नस.