मदत हवी आहे: शेजारच्या मॉर्मन कुटुंबाला दिवाळीला कधी आणि कसं बोलवावं? (सॉल्ट लेक सिटी)

कढीलिंब:

नमस्कार मंडळी,

नवऱ्याच्या पीएचडीपायी आम्ही युनिव्हर्सिटी ऑफ युटाच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या घरांत राहतो. भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी मॉर्मन (युटात मोठ्या संख्येने असलेला एक ख्रिस्ती पंथ) आहेत. तो फार्मसी शिकतोय, ती दुपारी एका दवाखान्यात फोन घेते आणि रात्री ऑनलाइन डिग्री पुरी करते. साडेचार वर्षांचा मुलगा, रांगती मुलगी. दोघंही आपल्याकडे 'अजून लग्नाचं बघायला हवं' म्हणतात त्या वयाचे.

सप्टेंबरात माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, तेव्हा हिने चर्चमधल्या बायकांच्या मंडळात (रिलीफ सोसायटी) शब्द टाकला आणि संध्याकाळी पाळीपाळीने कोणी ना कोणी जेवण आणून देऊ लागलं. आम्ही त्यांच्या चर्चचे नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. वर कॉर्नफ्लेक्सचा चुरा घातलेली चीज-बटाट्याची भाजलेली डिश दोनदा आली. इथे तिला 'फ्युनरल पोटॅटोज' म्हणतात हे कळल्यावर नवरा जरा दचकला, पण खाल्ली चाटूनपुसून. कुणाचं भांडं रिकामं परत करू नये असं आपल्याकडे शिकवतात. इथे सगळं ॲल्युमिनियमच्या फेकायच्या ट्रेमध्ये! परत करायला भांडंच नाही.

म्हणून दिवाळीला बोलवायचं ठरवलं आणि तिथेच अडलंय. त्यांच्याकडे वेळच नाही. रविवारी चर्च दोन तासांचं, पण तिचा नवरा मुलांच्या वर्गाला शिकवतो, म्हणून आधी तयारी, नंतर मीटिंग. शिवाय पोरांचा गाण्यांचा कार्यक्रम जवळ आलाय. मुलाला माइकवर एकच वाक्य म्हणायचंय आणि ते मला भिंतीपलीकडून पाठ झालंय. रविवारी ते खरेदी करत नाहीत, हॉटेलात जात नाहीत. बुधवारी संध्याकाळी ती चर्चच्या किशोरवयीन मुलींना घेऊन बसते. ही सगळी कामं बिनपगारी, चर्चने वाटून दिलेली. गुरुवार-शुक्रवार शाळांना शरदाची सुट्टी, म्हणजे पोरगा दिवसभर घरी. शनिवारी सकाळी वॉर्डातल्या (म्हणजे त्यांच्या चर्चच्या स्थानिक मंडळीतल्या) एका आजींच्या अंगणातली पानं गोळा करायची आणि संध्याकाळी युटा विरुद्ध बीवाययू (चर्चचीच ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटी, प्रोव्हो गावातली) फुटबॉल. हा बीवाययूत शिकलेला आणि आता युटात, त्यामुळे घरात दोन झेंडे. पुढच्या शनिवारी चर्चच्या पार्किंगमध्ये हॅलोविन: लोक गाड्यांच्या डिक्क्या सजवतात, पोरं गाडीगाडीवरून गोळ्या मागतात. शिवाय लक्ष्मीपूजनानंतर दोनच दिवसांनी याचा पेपर.

इथे लक्ष्मीपूजन सोमवारी, २० ऑक्टोबरला आहे. सोमवारची संध्याकाळ ते घरच्यांसाठी राखून ठेवतात असं ऐकलंय. मग बोलवायचं की नाही? चहा-कॉफी चालत नाही, तर काय द्यायचं? आणि पूजेच्या वेळी बोलवलं तर त्यांची पंचाईत होईल का?

प्रोव्होकर:

सोमवारच उत्तम. आम्ही प्रोव्होत बरीच वर्षं काढली आहेत. त्या संध्याकाळला ते होम इव्हनिंग म्हणतात. ही पद्धत १९१५ पासूनची; सोमवार मागाहून ठरला. त्या संध्याकाळी चर्च आपलं काही काम ठेवत नाही, म्हणजे त्यांच्या आठवड्यात तुम्हाला सापडणारी मोकळी संध्याकाळ हीच. एखादं गाणं, छोटा धडा, प्रार्थना, खेळ आणि शेवटी गोड, असा साधारण बेत असतो. "या वेळची होम इव्हनिंग आमच्याकडे करा" असं सरळ म्हणा. पाहुण्यांसोबत करायला काही आडकाठी नसते. फक्त सहाला बोलवा. आपले साडेआठ म्हणजे त्यांच्या पोरांची झोपेची वेळ टळून गेलेली.

सांगलीचा बापू:

मी उलट सांगतो, ताई. पेपरच्या आठवड्यात आमंत्रण म्हणजे त्यांच्या यादीत अजून एक काम. फराळाचा डबा दारात द्या आणि शनिवारी पानं गोळा करायची असतील तेव्हा पोरांना तीन तास सांभाळा. विद्यार्थ्याच्या बायकोला याहून मोठी ओवाळणी नाही. आमची मुलं लहान होती तेव्हा जेवायला या म्हणणारे पुष्कळ होते, पोरं बघतो म्हणणारं कोणी नव्हतं.

कढीलिंब:

बापू, पोरांचं पटलं, ते तर करतेच. पण नुसता डबा दिला की त्यांनी आणलेल्या ट्रेसारखंच झालं. पणत्या, रांगोळी पोरांना दाखवावी असं मनात आहे.

केशरवेलची:

पेयाचं सोपं आहे: मसाला दूध. दूध, बदाम, केशर, वेलची, जायफळ, यातलं काहीही त्यांना वर्ज्य नाही. वर्ज्य म्हणजे दारू, तंबाखू, चहा, कॉफी. या नियमाचं मूळ १८३३ मधलं. ग्रीन टी आणि आइस्ड टीसुद्धा चालत नाही, हे चर्चने २०१९ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. गवती चहा नि आलं उकळून, चहापत्ती न घालता द्यायचं असेल तर आधी विचारून घ्या, काही जण तेही टाळतात. हॉट चॉकलेट मात्र डोळे मिटून द्या.

प्रोव्होकर:

पूजेबद्दल राहिलं. देवाधर्माच्या वातावरणाने ते बिचकत नाहीत, स्वतः जेवणाआधी प्रार्थना करतात. प्रोव्होजवळच्या स्पॅनिश फोर्कच्या राधाकृष्ण मंदिरात होळीला रंग खेळायला बीवाययूची पोरं झुंडीने जातात. पण रंग खेळणं वेगळं आणि देवीपुढे हात जोडणं वेगळं, तेव्हा आरतीचं ताट त्यांच्यापुढे फिरवू नका. पूजा साडेपाचला उरकून घ्या, किंवा "बसून बघायचं असेल तर बघा" एवढंच म्हणा. प्रसाद हातावर ठेवू नका. हा देवीला दाखवलेला आहे, हा साधा फराळ, असं सांगून दोन ताटल्या वेगळ्या ठेवा. आमचे एक शेजारी प्रसाद घ्यायचे, दुसरे नम्रपणे नको म्हणायचे. दोघंही कट्टर चर्चवाले.

कढीलिंब:

अपडेट: आज कपडे धुवायच्या खोलीत भेटली, विचारून टाकलं. क्षणभर कॅलेंडर बघितलं आणि म्हणाली, सोमवारी सहाला येतो, तो जेवून लगेच लायब्ररीत जाईल, मी नि मुलं थांबू. मुलगा गाणंही म्हणणार आहे. शनिवारी पोरं आमच्याकडे, हे ऐकून तिने मला मिठीच मारली.

आता नवीन घोळ. जाताजाता म्हणाली, मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, जोरात. माझा चिवडा शेंगदाणे घालून झालाय, चकली त्याच तेलात तळलीय आणि दाण्याचे लाडू शंकरपाळ्यांच्या डब्यातच आहेत. काय करू?

केशरवेलची:

झालेलं सगळं तुम्ही दोघं खा, त्या पोरासमोर काढूसुद्धा नका. ओटा, झारा, कढई साबणाने घासा, तेल नवीन, आणि शेंगदाण्याचं तर अजिबात नको. मग आधी शंकरपाळे नि चकली तळा. चकलीची भाजणी विकतची असेल तर पाकिटावर शेंगदाण्याची सूचना आहे का बघा, नाहीतर तांदळाच्या पिठाची करा. चिवड्यात खोबऱ्याचे काप, मनुका, कढीपत्ता. डाळं घालायच्या आधी आईला विचारा, शेंगदाणा चालत नाही अशा काही मुलांना हरभराही बाधतो. दुधातले बदामही विचारूनच. विकतचं फरसाण आणू नका.

सांगलीचा बापू:

आणि शनिवारी पोरं तुमच्याकडे येणार, तेव्हा ॲलर्जीच्या झटक्यावरचा इंजेक्शनचा पेन मागून घ्या आणि कसा टोचायचा ते तिच्याकडून शिकून घ्या. दाण्याचे लाडू शुक्रवारीच संपवा. जमत नसेल तर पत्ता कळवा.